जुनी गाडी: दुरुस्त करायची की काढून टाकायची?

एक प्रश्न सारखा येतो. इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, दिल्लीतून तर फारच येतो. "बारा वर्षांची पेट्रोल गाडी आहे. मेकॅनिक क्लच आणि सस्पेन्शनचे ४५ हजार सांगतोय. विकली तर सव्वा लाख मिळतील. एवढा खर्च करावा का?"

यातली तुलनाच मला पटत नाही. गाडी बाजारात कितीला जाते, हे विकणाऱ्याच्या कामाचं. तुम्हाला ती चालवायची आहे. म्हणून ४५ हजारांसमोर नव्या गाडीचा वर्षाचा खर्च ठेवा. समजा, ६ लाखांचं कर्ज काढलं, ९ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता बसतो साधारण साडेबारा हजार, म्हणजे वर्षाला दीड लाख. वर विमा महाग. आणि गाडीची किंमत उतरते ती वेगळीच. विम्याच्या तक्त्यात चार वर्षं उलटली की ती निम्मी धरतात. तुमची दुरुस्ती म्हणजे चारेक हप्ते. त्यानंतर गाडी वर्षभर कुरकुर न करता चालली, तर तुम्ही फायद्यात.

चालेल का, हे बिघाडाच्या जातीवर आहे. क्लच प्लेट, शॉकअॅब्सॉर्बर, बुश, ब्रेक पॅड, बॅटरी हे झिजणारेच भाग. ते बदलणं म्हणजे गाडी म्हातारी झाली असं नव्हे. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि दर महिन्याला ऑइल भरावं लागतं, तर मात्र इंजिन ऑइल जाळतंय. तिथे "उघडल्यावर कळेल" हा आकडा मंजूर करू नका. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.

आणि गंज. मुंबई, गोवा, चेन्नईसारख्या किनाऱ्यावरच्या लोकांनी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघावी. दाराच्या कडेचा गंज दिसायला वाईट, एवढंच. पण फ्लोअर किंवा सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा खाल्ली गेली असेल, तर वरचा क्लच नवा टाकून काय उपयोग? तिथे मी एक रुपयाही घालणार नाही.

गेल्या दोन वर्षांची बिलं काढून बसा. दर वेळी वेगळा भाग असेल, तर वय बोलतंय. तोच भाग तीनदा बदलला असेल, तर गाडी नाही, मेकॅनिक बदला!

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी वाढते. हे नूतनीकरण पूर्वी ६०० रुपयांत व्हायचं, एप्रिल २०२२ पासून त्याचे ५ हजार झाले. दिल्ली-एनसीआरची गोष्ट निराळी. तिथे १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल यांच्यावर हरित लवादानं बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं, आणि पुढे नियम बदलत राहिले. तिथल्या लोकांनी मोठ्या कामाआधी त्या दिवशीचा नियम बघावा. नियम गाडी रस्त्यावरून उतरवणार असेल, तर उत्तम दुरुस्तीही वाया.

एका बाबतीत मी हिशेब बाजूला ठेवतो. ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस नव्या गाड्यांत २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत दोन्ही नाहीत, आणि बाहेरून बसवणं हा शहाणपणाचा मार्ग नाही. गाडी गावातल्या गावात, रोज आठ-दहा किलोमीटर फिरत असेल, तर क्लच बदला आणि चालवा. मुलांना घेऊन दर आठवड्याला हायवेवर जात असाल, तर आकडे काहीही म्हणोत, मी बदला म्हणेन.

आणि काढायचीच ठरली, तर विकण्याआधी ते ४५ हजार घालू नका. घेणारा त्यातले फार थोडे परत देतो. भंगारात द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथलं प्रमाणपत्र दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. किती, ते राज्यावर आहे. आरसी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत मात्र पाठ सोडू नका.