सुईला दृष्टी, हाताला अभ्यास

अपुऱ्या दिवसांच्या, जेमतेम किलोभर वजनाच्या अर्भकाला सलाईन लावणे हे अनुभवी परिचारिकेचीही कसोटी पाहणारे काम आहे. हातापायांच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक असतात. एक निकामी झाली की दुसरी शोधावी लागते आणि काही दिवसांत टोचायला जागाच उरत नाही. शिवाय रक्तदाब सावरणारी काही औषधे आणि दूध न पचणाऱ्या बाळाला शिरेवाटे द्यावयाचे पोषणद्रव्य या नाजूक शिरांना सोसत नाही. अशा वेळी डॉक्टर हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत एक बारीक नळी पोहोचवतात. तिलाच ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. जन्मानंतरचे पहिले काही दिवस नाळेतील शिरेचा मार्ग खुला असतो. तो बंद झाला की हात, मांडी किंवा मान यांकडे वळावे लागते.

सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरांनी १९५३ मध्ये मांडली. परंतु सुई नेमकी शिरेतच जावी, हा प्रश्न उरलाच. बाळाच्या मानेतील मोठी नीला अवघी काही मिलिमीटर रुंद असते. तिला लागूनच मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी असते आणि थोडे खाली फुप्फुसाचे टोक. केवळ बोटांच्या अंदाजाने सुई घालताना रोहिणीला इजा होण्याचा किंवा फुप्फुसाभोवती हवा साचण्याचा धोका राहतो.

सोनोग्राफीने हा अंदाज प्रत्यक्ष दर्शनात बदलला. पडद्यावर दोन काळी वर्तुळे दिसतात. हलकेच दाबल्यावर जे मिटते ती नीला; जे धडधडत राहते ती रोहिणी. शिरेत गुठळी असल्यास तीही आधीच कळू शकते. मानेतील शिरेसाठी ही पद्धत वापरावी, अशी शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००२ मध्येच मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही केली.

आपल्याकडे मात्र या यंत्राला निराळा इतिहास आहे. गर्भलिंग निदानाच्या दुरुपयोगामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे हेतू कितीही चांगला असला तरी सोनोग्राफी यंत्राची नोंदणी टळत नाही आणि नोंदणी नसलेल्या केंद्राला ते विकताही येत नाही. ही कडक बंधने समाजाच्याच वर्तनातून आली आहेत, हे विसरता कामा नये.

वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे २०२४ मध्ये सुरू झाले. कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथील अनेक कुटुंबांनी अत्यवस्थ बाळाला घेऊन अकोला किंवा नागपूर गाठण्याची धावपळ अनुभवली आहे. अशा प्रसंगी सहीसाठी घरातील वडीलधाऱ्यांची वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. त्याऐवजी पालकांनी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत: ही नळी का हवी? कोणत्या शिरेतून घालणार? सोनोग्राफीचा आधार घेणार का? आणि ती केव्हा काढणार? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्वच्छ धुतलेले हात आणि ‘आज तिची गरज आहे का?’ ही रोजची विचारणा, यांवर बाळाची सुरक्षितता अवलंबून असते.

आपल्या व्यापारी समाजातून रुग्णालयांना यंत्रे भेट देण्याची प्रथा स्तुत्य आहे. बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना आम्ही यंत्राच्या किमतीबरोबर खेळत्या भांडवलाचीही चौकशी करीत असू. तोच निकष येथे लावावा. नोंदणी कोणाच्या नावे होईल? देखभालीचा वार्षिक करार कोण भरील? यंत्राच्या टोकावरची निर्जंतुक आवरणे, बाळांच्या मापाच्या सुया आणि नळ्या दरमहा कोठून येतील? आणि मुख्य म्हणजे, पडद्यावर नजर ठेवून सुई चालवण्याचा सराव कोणाला आहे?

देणगीदाराचे नाव यंत्रावर कोरता येते. परिचारिकेच्या प्रशिक्षणावर ते कोरता येत नाही. तरीही देणगीचे अंदाजपत्रक मांडताना पहिल्या ओळीत प्रशिक्षणाचाच खर्च लिहावा.