लॅक्स्टनची सामाईक शेते

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या खेड्याचा इतिहास जाणू इच्छिणाऱ्याची पावले प्रथम तेथील चर्चकडे वळतात. ‘पॅरिश’ म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारा गाव. जन्म, विवाह आणि दफन यांच्या नोंदी प्रत्येक पॅरिशने ठेवाव्यात, अशी आज्ञा १५३८ साली निघाली. त्यामुळे अनेक खेड्यांत सामान्य कुटुंबांचीही माहिती शतकानुशतके मागे जाऊन मिळते. मात्र गावकरी नांगर कोठे धरीत आणि दोन शेजाऱ्यांत सीमेवरून तंटा झाला तर तो कोण मिटवी, हे जन्ममृत्यूच्या वह्या सांगत नाहीत. त्याचे उत्तर ‘मॅनर’ या दुसऱ्या संस्थेत मिळते. मॅनर म्हणजे एका सरदाराच्या ताब्यातील जमिनीचा मुलूख. त्याचे स्वतःचे न्यायालय असे आणि स्वतःच्या वहिवाटी असत. इंग्लंडमध्ये जुनी मॅनरगृहे अद्याप पुष्कळ उभी आहेत. परंतु ज्या शेतीव्यवस्थेवर ती उभी राहिली, ती जवळजवळ सर्वत्र लोपली आहे. नॉटिंगहॅमशर परगण्यातील लॅक्स्टन हे खेडे त्याला ठळक अपवाद आहे.

लॅक्स्टनचा उल्लेख १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीच्या दप्तरात आहे. त्या वेळी हा मॅनर जेफ्री आल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे होता. गावाच्या उत्तरेस नॉर्मन काळातील किल्ल्याचे मातीचे उंच टेकाड आहे; त्यावरील इमारती केव्हाच नाहीशा झाल्या. सेंट मायकेलचे मध्ययुगीन चर्च उभे आहे, परंतु एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीने त्याचे रूप बरेच पालटले. किल्ला ढासळला, चर्च बदलले. टिकून राहिली ती शेते.

वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी येथे तीन विस्तीर्ण शेते आहेत. त्यांत आतून कुंपण नाही आणि बांधही नाही. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत विभागलेले असून एकाच शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. त्यामुळे सुपीक जमीन एकाच्या आणि निकस जमीन दुसऱ्याच्याच वाट्याला येण्याचा प्रसंग टळतो. एका वर्षी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरावयाचे पीक आणि तिसरे शेत पड, अशी तीन वर्षांची फेरपालट चालते. मधूनमधून ‘साइक’ नावाचे न नांगरलेले गवताळ भाग असतात. त्यांतील गवताचा लिलाव होतो. जमीन अशी विखुरलेली असल्यामुळे शेतावर घर बांधण्यात अर्थ नव्हता. म्हणून लॅक्स्टनची शेतघरे गावच्या रस्त्याच्या कडेलाच ओळीने उभी आहेत आणि भटक्या गुरांचा जुना कोंडवाडाही गावातच आहे.

बांध नाही, म्हणजे तो कोरण्याची सोय नाही. पण मोह मात्र राहतोच. दरवर्षी नांगराचे एखादे तास शेजाऱ्याच्या बाजूस सरकले, तर काही वर्षांत सीमा पार बदलून जाईल. यावर देखरेख ठेवण्याचे काम ‘कोर्ट लीट’ या मॅनरच्या न्यायालयाकडे आहे. गव्हाची पेरणी झाल्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांतूनच नेमलेले पंच ते शेत पायी फिरून पाहतात. सीमा अस्पष्ट झाली असेल तेथे ते खुंट ठोकतात. कोणी सीमा ओलांडून किंवा रस्त्यावर नांगर घातला असेल, तर त्याची नोंद होते. पुढे गावातील ‘डव्हकोट इन’ या खानावळीत कोर्ट भरते आणि दोषी ठरणाऱ्यास दंड होतो. दंडाची रक्कम मोठी नसते. परंतु ज्यांच्यासोबत वर्षभर नांगरट करावयाची, त्यांच्यासमोर आपले नाव निघणे हीच खरी शिक्षा असते. शिवाय पंच होणारा प्रत्येक जण स्वतःही शेतकरी असतो. आज तो इतरांची सीमा पाहील, तर उद्या इतर त्याची पाहतील.

या व्यवस्थेचे वय एका नकाशावरून लक्षात येते. सतराव्या शतकात लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टन याने हा मॅनर विकत घेतला. त्याच्यासाठी मार्क पिअर्स याने १६३५ साली गावाची मोजणी करून पट्ट्यापट्ट्याचा नकाशा काढला. त्यात नांगरणारी आणि शिकार करणारी माणसेही चितारलेली आहेत. तो नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

एकेकाळी मध्य इंग्लंडमधील बहुतेक खेडी अशीच नांगरली जात. मात्र १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण घालण्यास परवानगी दिली. सामाईक शेते खाजगी तुकड्यांत वाटली गेली. उत्पन्न वाढले, परंतु चराईचा हक्क गेल्यामुळे अनेक गरीब कुटुंबांना मजुरीची वाट धरावी लागली. लॅक्स्टनच्या काही जमिनीलाही कुंपण पडले, तरी तीन शेतांचा गाभा वाचला. १९३८ साली ऑर्विन दाम्पत्याने आपल्या ग्रंथातून या गावाची माहिती अभ्यासकांपुढे मांडली. १९५२ साली ब्रिटिश सरकारच्या कृषी खात्याने ही मालमत्ता विकत घेतली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे गेली.

ग्रामसंस्थांच्या या विषयाचा हिंदुस्थानाशीही संबंध आला आहे. १८६२ ते १८६९ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचे सभासद असलेल्या हेन्री मेन यांनी १८७१ साली पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील ग्रामसमाजांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला.

मालक अनेकदा बदलले, तरी मालकी हा लॅक्स्टनच्या जतनाचा केवळ एक भाग आहे. पडक्या इमारतीस दुरुस्ती पुरते. सामाईक शेताला मात्र असे शेतकरी लागतात, जे मोठ्या यंत्रांच्या काळातही अरुंद पट्टे नांगरण्यास तयार असतील, आणि नोव्हेंबरच्या थंडीत चिखल तुडवीत शेजाऱ्याची सीमा तपासतील व स्वतःची तपासू देतील. अशी माणसे गावात आहेत, तोवरच लॅक्स्टनचा मॅनर नकाशाबाहेरही नांदेल.