मर्यादित भांडवल आणि स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक : तुकडा की हिस्सा?

प्रस्तावना

जमीन आणि घर ही मध्यमवर्गाच्या दृष्टीने केवळ मालमत्ता नसून स्थैर्याची खूण मानली जातात. त्यामुळे दोन-तीन लाख रुपयांची बचत हाती येताच शहरालगत एखादा गुंठा घेऊन ठेवावा, असा विचार नोकरदार कुटुंबांत सहज होतो. तथापि अल्प भांडवलाच्या गुंतवणूकदारापुढील मूळ प्रश्न केवळ रकमेचा नाही, तो विभाज्यतेचा आहे. सोने ग्रॅमने घेता येते. जमीन मात्र जसजशी लहान तुकड्यांत विभागावी, तसतसे तिच्यावरील हक्क आणि तिची उपयुक्तता ही दोन्ही क्षीण होत जातात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात अशा गुंतवणूकदारास उपलब्ध असलेल्या तीन मार्गांचा विचार केला आहे : जमिनीचा तुकडा, कर्जाऊ सदनिका आणि सामूहिक मालमत्तेतील हिस्सा.

1. जमिनीचा तुकडा

स्वस्त वाटणारा हा मार्ग सर्वाधिक जोखमीचा आहे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत. 2023 मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीस 10 गुंठे व जिरायतीस 20 गुंठे असे ठरविण्यात आले. 2025 मध्ये नागरी व नियोजन क्षेत्रांतील जमिनींपुरती शासनाने सवलत दिली. परंतु एखादा विशिष्ट गट त्या सवलतीत बसतो किंवा नाही, याची खातरजमा करणे ही खरेदीदाराचीच जबाबदारी ठरते. शिवाय 1948 च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम 63 प्रमाणे, जी व्यक्ती शेतकरी नाही तिला सर्वसाधारणपणे परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही.

या निर्बंधांतून पळवाट म्हणून अनेक खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक नोंदविली जातात, किंवा नोटरीकृत करारावर वा मुखत्यारपत्रावर व्यवहार उरकला जातो. सामाईक सातबाऱ्यात कोणाचा गुंठा नेमका कोठे, हे मोजणीने निश्चित झालेले नसते. परिणामी बांधकाम परवानगी, कर्ज आणि पुनर्विक्री या तिन्ही बाबी अडतात. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले आहे. सातबारा हाही मूलतः महसुली अभिलेख होय. म्हणून फेरफार नोंदी, ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजे, भोगवटादार वर्ग आणि किमान 30 वर्षांचा सूची क्रमांक 2 चा शोध, ही तपासणी वकिलाकडून करून घेणे अपरिहार्य ठरते.

2. कर्जाऊ सदनिका

30 लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या कमाल 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. यावरून 10 टक्के रक्कम पुरेशी आहे असा समज होतो; तो अपुरा आहे. उदाहरणादाखल 25 लाख रुपयांची बांधून पूर्ण झालेली सदनिका घेऊ. कर्ज 22.5 लाख मिळाल्यास स्वतःचे 2.5 लाख लागतील. त्यावर 6 टक्के दराने मुद्रांक शुल्क 1.5 लाख आणि 1 टक्का नोंदणी फी 25 हजार. म्हणजे प्रारंभीच 4.25 लाख रुपये हाती हवेत.

पुढील गणित अधिक महत्त्वाचे आहे. व्याजदर 9 टक्के व मुदत 20 वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे 20,244 रुपये येतो. त्यांपैकी पहिल्या महिन्यात 16,875 रुपये व्याजापोटी जातात. मूल्याच्या वार्षिक 3 टक्के भाडे गृहीत धरले, तर भाड्याचे उत्पन्न महिन्याला 6,250 रुपये होते. उरलेले सुमारे 14 हजार रुपये दरमहा वेतनातून भरावे लागतात. देखभाल खर्च, मालमत्ता कर व भाडेकरूविना जाणारे महिने यांचा भार वेगळाच. ‘भाडेच हप्ता फेडील’ हे गृहीतक येथे टिकत नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाबाबत 2016 च्या रेरा कायद्याने काही संरक्षण दिले आहे. नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकास मनाई आहे, आणि ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. प्रकल्पाची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते.

3. सामूहिक मालमत्तेतील हिस्सा

अल्प बचती एकत्र आणून मालमत्ता उभारण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. मुंबईत गावदेवी येथे 1915 मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था याच तत्त्वावर स्थापन झाली. तेथे हेतू निवासाचा होता. उत्पन्नाच्या हेतूने तेच तत्त्व स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, म्हणजेच ‘रीट’, यात आढळते. त्यासाठीचे नियम सेबीने 2014 मध्ये केले व भारतातील पहिला असा न्यास एप्रिल 2019 मध्ये शेअर बाजारात सूचिबद्ध झाला. 2021 मध्ये प्राथमिक विक्रीतील किमान अर्जाची रक्कम 10 ते 15 हजार रुपयांच्या दरम्यान आणली गेली. बाजारात तर एकच युनिटही घेता येते.

न्यासाच्या मालमत्तेपैकी किमान 80 टक्के भाग पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या वास्तूंचा असावा लागतो आणि वितरणयोग्य निव्वळ रोख रकमेच्या किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांत वाटावी लागते. तथापि युनिटचा भाव घसरू शकतो, कार्यालये रिकामी पडल्यास उत्पन्न घटते आणि हमी कशाचीच नसते. तसेच वास्तूवर व्यक्तिगत ताबाही मिळत नाही.

निष्कर्ष

तुकडा आणि हिस्सा यांतील भेद असा की, तुकड्यात भूमी दिसते पण हक्क धूसर असू शकतो. हिश्श्यात भूमी दिसत नाही, परंतु हक्क लेखी, नियंत्रित व विक्रीयोग्य असतो. म्हणून मर्यादित भांडवल असणाऱ्याने प्रथम सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद वेगळी ठेवावी, नंतर हिश्श्यापासून प्रारंभ करावा. हप्ता व भाडे यांतील तफावत वेतनातून निश्चिंतपणे पेलता येईल तेव्हाच सदनिकेचा विचार करावा. जमीन घ्यावयाचीच असल्यास स्वतंत्र मोजणी, स्वतंत्र उतारा व नोंदणीकृत खरेदीखत या तीन अटींवाचून घेऊ नये. मोठ्या भांडवलास एक चूक सोसता येते. आयुष्याची बचत एकाच गुंठ्यात अडकविणाऱ्यास ती मुभा नसते.