रक्त आणि रकाना (९) : एका आईची चार लेकरं

आज अमेरिकी जनगणनेचे रकाने उघडायचे ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण १९२४ च्या व्हर्जिनिया कायद्यावरचा गेला लेख वाचून सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘थेंबभर रक्तानं माणूस काळा ठरत होता, तर सख्ख्या भावंडांत एक गोरा, एक काळा असं कधी झालं का?’ झालं. आणि ज्या कुटुंबात झालं, त्याच्याविषयी मी वर्षानुवर्षं वाचत आलोय.

माँटिचेलो हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांचा व्हर्जिनियातला मळा. तिथली गुलाम सॅली हेमिंग्ज. तिचे वडील गोरे, आईचेही वडील गोरे. म्हणजे सॅली पाव हिस्सा काळी. तिच्या मुलांचे वडील खुद्द जेफरसन, हे आज बहुतेक इतिहासकार मानतात. चार मुलं जगली : बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि ईस्टन. आठातले सात हिस्से गोरे. त्या काळच्या व्हर्जिनियात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त काळं रक्त असलं, तरच माणूस ‘मुलाटो’ ठरे. त्यामुळे ही मुलं कायद्यानं गोरी, तरीही गुलाम. कारण गुलामी आईकडून येत असे. एक थेंबाचा नियम आला तो फार पुढे.

बेव्हर्ली आणि हॅरिएट १८२२ मध्ये मळा सोडून गेली. जेफरसननी त्यांचा पाठलाग केला नाही. दोघं गोऱ्या समाजात मिसळली, गोऱ्यांतच लग्नं केली. मॅडिसन आणि ईस्टन यांना १८२६ च्या मृत्युपत्रानं मुक्ती मिळाली. दोघं आईला घेऊन शार्लट्सव्हिलमध्ये राहू लागले. १८३० च्या जनगणनेत हे कुटुंब गोरं म्हणून नोंदलंय; तीनच वर्षांनी झालेल्या खास मोजणीत तेच लोक मुक्त मुलाटो! रक्त तेच, फक्त मोजणी बदलली.

आई गेल्यावर दोघे भाऊ ओहायोत गेले. मॅडिसन सुतार. त्याची बायको मेरी मॅकॉय मुक्त, मिश्र वंशाची. सासर-माहेर, शेजारपाजार सगळं कृष्णवर्णीयांत. तो तिथेच राहिला, आणि १८७३ मध्ये त्यानं एका स्थानिक वृत्तपत्राला आपल्या घराण्याची हकिकत नावानिशी सांगितली. बहीण हॅरिएटच्या नवऱ्याचं नाव मात्र सांगितलं नाही. तिचं गोरेपण त्यानं राखलं. मला या माणसाबद्दल अतोनात आदर वाटतो.

ईस्टन व्हायोलिन वाजवायचा. चिलिकोथी गावात त्याच्या वादनाला मोठी मागणी होती, पण तो कुणाचा कोण हे सगळ्या गावाला ठाऊक. १८५२ च्या सुमारास त्यानं बायकोमुलांसह विस्कॉन्सिन गाठलं, हेमिंग्जऐवजी जेफरसन आडनाव लावलं आणि घर गोरं झालं. मुलगा जॉन यादवी युद्धात गोऱ्या पलटणीत कर्नलपदापर्यंत चढला. तिथे चिलिकोथीचा एक ओळखीचा माणूस भेटला, तेव्हा जॉननं त्याला विनवलं, की माझ्या रक्ताविषयी इथे बोलू नका.

माझं मत असं, की ज्यांच्यात जगायचं त्यांना तुमच्याविषयी काय ठाऊक आहे, यावर वंश ठरत होता. म्हणून गोरं व्हायला गाव सोडावं लागे. आणि नातीही. ईस्टनच्या पुढच्या पिढ्यांना तर आपण जेफरसनच्या काकांचे वंशज, असंच सांगितलं गेलं. १९९८ च्या जनुकीय तपासणीत ईस्टनच्याच वंशातल्या पुरुषाचं गुणसूत्र जेफरसन घराण्याशी जुळलं. बेव्हर्ली आणि हॅरिएट यांचे वंशज आजवर सापडलेले नाहीत.

रकाने पुढच्या आठवड्यात, नक्की.