ॲसिडवर ब्लिचिंग पावडर नको

रविवारची सकाळ. पाहुणे येणार म्हणून संडास-मोरी घासायला काढलेली. फरशीवरचे पिवळे डाग निघेनात म्हणून आधी ॲसिड ओतले. तरी डाग हटेना, म्हणून वरून मूठभर ब्लिचिंग पावडर टाकली. क्षणात फेस आला, डोळे चुरचुरले, घशात तिखट कोंबल्यासारखे झाले आणि घासणारी बाई खोकत खोकत दाराबाहेर पळाली. महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला की एखादी ताई हमखास म्हणते, "अहो, माझंही असंच झालं होतं. मला वाटलं, वास जोराचा म्हणजे औषध जोराचं."

ताई, तो वास औषधाचा नव्हता. तो क्लोरिन नावाचा विषारी वायू होता. पहिल्या महायुद्धात, एप्रिल 1915 मध्ये, बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला, तो हाच वायू. हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने तो खंदकात खाली उतरला. आपल्या संडासातही तो खालीच साचतो, आणि घासणारी बाई तिथेच उकिडवी बसलेली असते.

हे होते कसे? ब्लिचिंग पावडरीत क्लोरिन बांधलेल्या रूपात असतो. ॲसिड त्याला मोकळे करते. मोकळा झालेला वायू डोळ्यांतल्या, घशातल्या आणि फुप्फुसांतल्या ओलाव्यात मिसळला की तिथेच ॲसिड तयार होते. म्हणून आग होते, खोकला येतो, छाती आवळते. जास्त वायू आत गेला तर काही तासांनी फुप्फुसांत पाणी होऊ शकते. दमेकरी, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना धोका अधिक.

कशात काय मिसळू नये

ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात ॲसिड, ॲसिडचे टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबाचा रस यांपैकी काहीही टाकू नका. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. त्यात ब्लीच पडले तर क्लोरामाइन नावाचा दुसरा विषारी वायू निघतो. लघवीतही अमोनिया तयार होतो. म्हणून सार्वजनिक शौचालयात आधी भरपूर पाणी मारा, मगच ब्लिचिंग टाका.

सगळी टॉयलेट क्लीनर सारखी नसतात. बाटलीवर 'हायड्रोक्लोरिक ॲसिड' लिहिले असेल तर ते ॲसिड, 'सोडियम हायपोक्लोराइट' लिहिले असेल तर ते ब्लीच. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. सोपा नियम असा: एका दिवशी एकच वस्तू वापरा. आज ॲसिड वापरले तर भरपूर पाण्याने धुवा आणि ब्लिचिंग उद्या करा.

ॲसिड हाताळताना

ॲसिड पातळ करायचे असेल तर प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या आणि त्यात ॲसिड हळूहळू सोडा. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका, ते उसळून तोंडावर उडते. ॲल्युमिनियमचे भांडे किंवा पत्र्याची बादली वापरू नका, ॲसिड धातू खाते. दार-खिडकी उघडी ठेवा, रबरी हातमोजे आणि चप्पल घाला. तोंडाला बांधलेली ओढणी किंवा साधा मास्क वायू अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड ठेवणे सर्वांत घातक. तहानलेले पोर ते पाणी समजून तोंडाला लावते. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. सुटे ॲसिड कोणालाही सहज मिळता कामा नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली आदेश दिला: दुकानदाराने ओळखपत्र पाहावे, नोंद ठेवावी आणि 18 वर्षांखालच्या व्यक्तीला ॲसिड विकू नये. तेव्हा मुलांना ॲसिड आणायला पाठवू नका.

गटार तुंबले म्हणून चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये ॲसिड ओतू नका. तिथल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास कळेनासा होतो. अशा ठिकाणी माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी पैशाचे आमिष दाखवले तरी आपल्या पोरांना उतरू देऊ नका.

अपघात झालाच तर

वायू झाला तर सगळे तसेच टाकून बाहेर पडा. बादली उचलायला किंवा पाणी ओतायला परत आत जाऊ नका. माणसाला मोकळ्या हवेत टेकवून बसवा, कपडे सैल करा. खोकला, धाप किंवा छातीत दुखणे थांबत नसेल तर 108 ला फोन करा. बरे वाटले तरी ती रात्र त्याच्याजवळ कोणीतरी राहावे.

डोळ्यात किंवा अंगावर ॲसिड उडाले तर भिजलेले कपडे काढून किमान 20 मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. हळद, टूथपेस्ट, सोडा काही लावू नका. कोणी ॲसिड प्यायले तर उलटी करवू नका, मीठ-पाणी किंवा लिंबू देऊ नका. तोंड खळखळून धुवा आणि बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालयात न्या.

शेवटी एक गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी बहिणी दुसऱ्यांच्या घरी, सोसायटीत, कार्यालयात सफाईचे काम करतात. मालकीण किंवा मुकादम बिनचिठ्ठीची बाटली हातात देतो आणि म्हणतो, "हे टाक, चकचकीत होईल." तेव्हा विचारा, "यात काय आहे? हातमोजे कुठे आहेत?" असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. श्वास आपला आहे, तेव्हा त्यात काय जाते हे जाणून घेण्याचा हक्कही आपला आहे.

हे पान पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि वाचता न येणाऱ्या शेजारणीला नक्की सांगा.