घोड्यांच्या टापा आणि चेंडूफळी

पनवेलहून हार्बरच्या गाडीने बोरीबंदरला उतरावे आणि महापालिकेच्या इमारतीला वळसा घालून आझाद मैदानावर यावे. रविवारची सकाळ असेल तर चेंडू चुकवीतच चालावे लागते. एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा असतो. चेंडू कोणाचा, याचा घोळ मात्र सहसा होत नाही!

आमच्या कॉलेजातली मुले खेळायला जागा नाही म्हणून कुरकुरतात, तेव्हा मी त्यांना याच जागेची गोष्ट सांगतो.

किल्ल्यावरील तोफांचा मारा अडू नये म्हणून कंपनी सरकारने तटासमोरची जमीन मोकळी ठेवली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. साहेबांचा खेळ पाहून पारशी पोरांनी येथे चेंडूफळी सुरू केली. आरंभी म्हणे छत्रीची बॅट आणि उंच टोपीची यष्टी! 1848 मध्ये त्यांचा ओरिएंटल क्लब निघाला. हिंदू खेळाडूंचा बॉम्बे युनियन 1866 चा.

1875 मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. सभासद फक्त युरोपियन. त्यांना याच पटांगणाचा एक तुकडा मिळाला आणि तो त्यांनी जिवापाड जपला. पोलो खेळायला मात्र ते बाहेर, उरलेल्या मोकळ्या जागेत येत. मूठभर साहेबांचे घोडे दौडून गेले की हिरवळ उखडे, खड्डे पडत आणि दुसऱ्या दिवशी टप्पा पडलेला चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. स्वतःचे अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसलाच हा प्रकार!

1881 मध्ये चारशेंहून अधिक देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला: पोलो कूपरेजकडे न्यावा. पुढाकार पारशांचा, पण गाऱ्हाणे सर्वांचे. शापूरजी सोराबजी या लढ्याचे बखरकार. त्यांचे पुस्तक 1897 मध्ये निघाले. त्यात चीड आहे, पण कागदपत्रांची शिस्तही आहे. बॅट टाकून लेखणी हाती घेतलेल्या माणसांचे मला फार कौतुक वाटते.

1882 मध्ये अर्जदारांच्या बाजूने हुकूम निघाला. मैदानावर आनंदीआनंद! पण पोलोवाल्यांचे वजन भारी. वर्षभरातच, 1883 मध्ये, तो हुकूम फिरवला गेला आणि घोडे परत आले.

पुढे सरकारने समुद्र हटवून तयार केलेल्या जमिनीवर, आजच्या मरीन ड्राइव्हलगत, जिमखान्यांना जागा दिल्या. पारशी जिमखाना 1885 चा, हिंदू जिमखाना 1894 चा. शेजारी इस्लाम जिमखाना. जागा मिळाल्या हे खरेच. पण एका मैदानासाठी एकत्र कुरकुरणारे लोक धर्मवार कुंपणांत वाटले गेले, हेही तितकेच खरे. धर्मांच्या नावांनी खेळले जाणारे सामने पुढे 1946 पर्यंत चालले.

मधल्या काळात पारशांनी 1890 मध्ये व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवले, तेही बॉम्बे जिमखान्याच्याच हिरवळीवर! भारतातला पहिला कसोटी सामनाही 1933 च्या डिसेंबरात तेथेच झाला आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकले.

बाहेरचे उघडे पटांगण मात्र पोरांचेच राहिले. 1988 च्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी जोडीने 664 धावांची अभेद्य भागी रचली, ती या आझाद मैदानावर.