‘नायगांवकर’ : एका ग्रामनामजन्य आडनांवाचें मूळ व प्रसार

जुन्या कागदांच्या रुमालांत ‘नायगांवकर’ असें आडनांव लागलेला एखादा कागद निघाला, आणि तो रुमाल मराठवाड्यांतून आलेला असला, म्हणजे संग्राहक सहसा फार विचार न करितां वेष्टनावर ‘नायगांव, जिल्हा नांदेड’ अशी चिठ्ठी लावून मोकळे होतात. ही चिठ्ठी एकदां लागली कीं तिलाच पुढें प्रामाण्य येतें. ती यादींत उतरते, यादींतून लेखांत येते, आणि लेखावरून एखाद्या कुळाच्या इतिहासांत कायमची जाऊन बसते. या चिठ्ठ्यांपैकीं पुष्कळ पुन्हां तपासून पाहाव्या लागतील असें आम्हांस वाटतें. त्याचें कारण या आडनांवाच्या घडणींतच आहे, आणि तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांदेडकडील नायगांव. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नरसीच्या अलीकडे, हें गांव लागतें. पूर्वीं तें बिलोली तालुक्यांत मोडत असे. १९९९ सालीं तें स्वतंत्र तालुक्याचें ठिकाण झालें. आतां, ‘नायगांवकर’ शोधावयास या गांवीं जावें असें कोणासहि वाटेल. परंतु आमच्या मतें हें आडनांव शोधण्यास सर्वांत वाईट जागा म्हणजे प्रत्यक्ष नायगांवच होय! जेथें सगळेच नायगांवचे, तेथें कोणी कोणास नायगांवकर म्हणावयाचें? गांवांत मनुष्य ओळखला जातो तो पाटील, कुळकर्णी, देशपांडे, सुतार, जोशी अशा वतनावरून किंवा वृत्तीवरून, नाहीं तर बापाच्या नांवावरून. जुने महजर व निवाडपत्रें उघडून पाहावीं. ‘अमुक बिन अमुक पाटील, मोकदम, मौजे अमुक’ हा तेथील नेहमींचा सांचा आहे. यांतील ‘मौजे’च्या पुढचें गांव हा त्या इसमाचा पत्ता असतो, आडनांव नव्हे. तोच इसम किंवा त्याचा नातू हैदराबादेस, पैठणास वा पंढरपुरास जाऊन राहिला, म्हणजे तेथील शेजारी त्यास ‘नायगांवकर’ म्हणूं लागतात, आणि दोनतीन पिढ्यांत तें नांव घरास चिकटतें. म्हणजे हें नांव स्वतः घेतलेलें नसून परक्या गांवच्या लोकांनीं ठेविलेलें असतें. आणि तें कोठें राहतो हें न सांगतां कोठून निघाला हें सांगतें.

याचें सर्वपरिचित उदाहरण नांदेडमधीलच आहे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ सालीं, सध्यांच्या हिंगोली जिल्ह्यांतील नांदापुरास झाला. त्यांचें अध्यापनाचें व लेखनाचें आयुष्य नांदेडांत गेलें. आणि आडनांव मात्र वसमत तालुक्यांतील कुरुंद्याचें. उद्यां त्यांचें चरित्र नष्ट होऊन केवळ सही उरली, तर तिच्यावरून कुरुंदा हें एकच गांव हातीं लागेल, आणि जेथें ते जन्मले व जेथें त्यांनीं काम केलें तीं दोन्हीं ठिकाणें हरवतील. आपल्या रुमालांतील बहुतेक ‘-कर’ मंडळींची स्थिति नेमकी अशी आहे.

‘-कर’ प्रत्यय सर्वत्र एकाच अर्थानें लागतो असेंहि नाहीं. गोमंतकांत ‘गांवकर’ हा शब्द गांव सोडून गेलेल्याचा वाचक नसून गांवच्या सामाईक जमिनीवर हक्क असलेल्या मूळ घराण्यांचा वाचक आहे. पोर्तुगीजांनीं १५२६ च्या सनदेंत तेथील गांवकरींचे जे रीतिरिवाज नोंदवून घेतले, त्यांत गांवकर हा हक्कदार म्हणूनच येतो. देशावरचा ‘-कर’ हा बाहेर पडलेला, तर गोव्याचा गांवकर हा गांवांत रुजलेला. हा भेद न ओळखतां दोन्हीकडील कागद एकाच नियमानें लावूं गेल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

जर्मन भाषेंतील आडनांवांचा अभ्यास या बाबतींत आपल्या उपयोगीं पडण्यासारखा आहे. तेथील पंडित स्थलवाचक आडनांवांचे दोन वर्ग स्पष्टपणें निरनिराळे ठेवितात. एक उगमनामांचा: ‘वीनर’ म्हणजे व्हिएन्नाकर, ‘न्यूर्नबर्गर’ म्हणजे न्यूर्नबर्गकर. हीं आपल्या ‘-कर’ आडनांवांचीं सख्खीं भावंडें होत, आणि तीं त्या शहराबाहेर गेलेल्यांस पडलीं. दुसरा वर्ग वसतिनामांचा: ओढ्याकांठीं राहणारा तो ‘बाख’ किंवा ‘बाखमान’, टेकडीवर राहणारा तो ‘बर्गर’, खळग्यांत ज्याचें घर तो ‘ग्रूबर’. हीं नांवें गांवांतल्या गांवांत, शेजाऱ्यांनींच, एका घरास दुसऱ्यापासून वेगळें दाखविण्यासाठीं ठेविलेलीं आहेत. आपल्याकडील डोंगरे, ओहोळ, टेकाडे हीं आडनांवें दिसण्यांत याच जातीचीं आहेत.

यांतील ‘ग्रूबर’ची गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. आज ऑस्ट्रियांत सर्वांत अधिक आढळणारें आडनांव हेंच होय. याचा अर्थ, कोणी एक ग्रूबर नामक मूळपुरुष होऊन गेला व त्याचा वंश सर्व देशभर पसरला, असा नव्हे. आल्प्सच्या मुलखांत खळगा नाहीं असें गांव विरळा. जितके खळगे, तितके स्वतंत्र ग्रूबर. म्हणजे आडनांवाची विपुलता ही कुळाच्या विस्ताराची खूण नसून भूप्रदेशाच्या रचनेची खूण आहे. शिवाय ‘-एर’ हा प्रत्यय दोन्ही वर्गांस लागत असल्यामुळें, एखादा ‘बर्गर’ टेकडीवरचा कीं ‘बर्ग’ नांवाच्या गांवचा, हें नुसत्या नांवावरून जर्मनांसहि सांगतां येत नाहीं. आपल्याकडे ‘दरेकर’ हा दरींतला कीं ‘दरें’ गांवचा, हा प्रश्न तसाच आहे.

आतां नायगांवाकडे परत येऊं. ऑस्ट्रियांत जसे खळगे, तशीं महाराष्ट्रांत नायगांवें. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यांतील नायगांवीं ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यांत एक नायगांव आहे, तेथील मयूर अभयारण्य प्रसिद्ध आहे. नाशिक जिल्ह्यांत सिन्नर तालुक्यांत एक आहे, पुरंदर तालुक्यांत एक आहे, वसईच्या खाडीलगत एक आहे, आणि मुंबईंत दादरजवळचें नायगांव तर सर्वांस ठाऊकच आहे. प्रत्येकांतून कोणी ना कोणी बाहेर पडलेंच असणार. कवि अशोक नायगांवकर यांच्यामुळें हें आडनांव आज महाराष्ट्रभर परिचयाचें झालें आहे. परंतु या आडनांवाचीं सगळीं घरें एका झाडाच्या फांद्या आहेत असें मानण्यास त्यांत कांहींएक आधार नाहीं. गोत्र, कुलदैवत व जात निरनिराळीं असलेलीं दोन नायगांवकर घरें समोर आलीं, तर त्यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं; आश्चर्य तीं एक निघालीं तर मानावें.

ग्रामनामाच्या द्विरुक्तीनें केवढा घोळ होतो हें दाखविण्यास दूर जावयास नको. नामदेवांच्या जन्मस्थानाचा वाद घ्या. त्यांचें नरसी-बामणी कराडनजीक असल्याचें एका पक्षानें मानिलें, तर दुसऱ्यानें तें मराठवाड्यांत दाखविलें; आज हिंगोली जिल्ह्यांतील तें गांव नरसी नामदेव या नांवानेंच ओळखलें जातें. आणि गंमत अशी कीं, आमच्या नायगांव तालुक्यांतहि एक नरसी आहेच! दुसरें उदाहरण मुधोळचें. घोरपड्यांच्या संस्थानाचें मुधोळ कर्नाटकांत. दुसरें मुधोळ १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नांदेड जिल्ह्यांत होतें, तें आतां तेलंगणांत आहे. १९१२ सालीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष झालेले रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे वऱ्हाडांत अमरावतीस वकिली करीत. ‘मुधोळकर’ एवढ्यावरून कोणी त्यांस या किंवा त्या मुधोळास बांधील, तर तें केवळ नकाशावरील अंतर मोजून केलेलें अनुमान होईल.

लिपींमुळें हा घोळ आणखी वाढतो. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत. ‘नायगांव’ व अलिबागकडील ‘नागांव’ यांत अंतर एका ‘य’चें, आणि घाईच्या हातांत तो ‘य’ निसटावयास वेळ लागत नाहीं. निजामी अमलांतील दफ्तर प्रथम फारसींत व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूंत. शिकस्ता वळणांत नुक्ते व हमजा गाळले गेले, म्हणजे ‘य’ दाखविणारा नुसता दांत उरतो, आणि तो ‘ब’, ‘त’, ‘न’ यांपैकीं कशाचाहि असूं शकतो. ‘क’ आणि ‘ग’ यांतील भेद तर एका तिरक्या रेघेचा. शिवाय ‘-कर’ लागतांना ग्रामनामाचा अंत्य स्वर पुष्कळदां लोपतो: कुरुंदा, परंतु कुरुंदकर, सातारा, परंतु सातारकर. उलट दिशेनें आडनांवावरून गांव बनवूं जाणारा संशोधक मग ‘कुरुंद’ किंवा ‘सातार’ नांवाचें गांव शोधीत हिंडतो.

नांदेडच्या पूर्वेकडील तालुक्यांत आणखी एक अडचण आहे. बिलोली, देगलूर, धर्माबाद या पट्ट्यांत मराठी व तेलुगू शेजारीं नांदतात. तेलुगूंत घराण्याचें नांव व्यक्तिनामाच्या आधीं येतें, आणि त्यास ‘इंटि पेरु’, म्हणजे घरचें नांव, म्हणतात. तें ग्रामनाम असलें तरी त्यास ‘-कर’सारखा प्रत्यय लागत नाहीं. मराठींत येतांना याच नांवांस आदरार्थी ‘वारु’ जोडला जाऊन गादेवार, उत्तरवार, मामीडवार अशीं आडनांवें रूढ झालेलीं दिसतात. ‘मामिडि’ म्हणजे आंबा. तेव्हां मामीडवार व आंबेकर हीं आडनांवें एकाच झाडाखालीं बसलेलीं आहेत असें म्हणावयास हरकत नाहीं, मात्र त्यांवरून नातें जोडूं नये. सीमेवरील एकच घर तेलुगू कागदांत नांवाआधीं ग्रामनाम लावून, मराठी कागदांत ‘-वार’ किंवा ‘-कर’ लावून, आणि सरकारी उर्दू कागदांत केवळ बापाच्या नांवानें आलेलें असूं शकतें. तीन कागद तीन कुळांचे म्हणून वेगवेगळ्या रुमालांत बांधले जाणें हें मग ओघानेंच आलें.

आजचा प्रसार मोजण्याचें साधन जर्मनांजवळ आहे. २००५ सालच्या दूरध्वनि-नोंदींवरून त्यांनीं आडनांवांचा सात खंडांचा नकाशासंग्रह २००९ ते २०१८ या काळांत सिद्ध केला. कोणतें नांव कोणत्या टापूंत दाट आहे तें त्यांत डोळ्यांनीं पाहतां येतें. आपल्याकडील जनगणना आडनांववार कोष्टकें प्रसिद्ध करीत नाहीं. तथापि असा नकाशा झालाच, तरी ‘-कर’ आडनांवांचा नकाशा उलटा वाचावा लागेल: ठिपके जेथें दाट, तें गंतव्य, आणि मूळ गांवावर बहुधा कोरी जागा.

मग कागद लावावयाचा कसा? आडनांव बाजूस ठेवून प्रथम परगणा पाहावा. तो असल्यास वाद मिटला. परगणा नसल्यास कालगणना पाहावी. शुहूर सन (इसवी सनासाठीं ५९९ किंवा ६०० मिळवावे) असल्यास नजर मराठी दफ्तराकडे वळते. फसली सन (५९० किंवा ५९१ मिळवावे) आणि त्यांतहि आजूर, दै, बहमन असे महिने आले, तर कागद निजामी मुलखांतला हें जवळजवळ ठरतें. परंतु याहून मोलाचें साधन म्हणजे पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी व गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तेथें यजमान गांववार लावलेले असतात. यात्रेकरू मूळ गांव, बाप, आजा, भाऊ सांगून खालीं सही करितो. गांव सोडून चार पिढ्या लोटलेला नायगांवकरहि तेथें आपलें नायगांव कोणत्या परगण्यांतलें तें सांगतो, कारण त्यावांचून उपाध्याय त्याची वही काढूंच शकत नाहीं. या वह्या वांटणींत फाटत आहेत, वाळवीच्या तोंडीं जात आहेत; मराठवाड्याकडील वह्यांच्या छायाप्रति आधीं घेतल्या पाहिजेत.

ही निकड केवळ संशोधकांची नाहीं. २०२३ सालीं राज्यसरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हांपासून मोडी व उर्दू दफ्तरांतील एकेका नांवावर जिवंत माणसांचे दाखले अवलंबून राहूं लागले आहेत. अशा वेळीं एका नायगांवची नोंद दुसऱ्या नायगांवच्या घरास चिकटली, तर त्याचें उत्तर आपल्या चिठ्ठीकडेच मागितलें जाईल. म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, परगणा किंवा वही यांपैकीं एकाचा आधार मिळेपर्यंत वेष्टनावर ‘नायगांवकर, गांव अनिश्चित’ एवढेंच लिहावें, आणि तेंहि शिसपेनीनें.